नगरपरिषद-महापालिका ‘शाश्वत’ कामांवर कंट्रोल नेमका कसा ठेवतात? (मराठवाडा)

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. आमचं तालुक्याचं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हे एकट्या आमच्या गावाचं नाहीये. मागच्या काही वर्षांत आमच्या नगरपरिषदेनं लई कामं केली. एलईडी पथदिवे आले, ऑफिसच्या छतावर सोलर बसलं, ओला-सुका असे दोन खण असलेल्या घंटागाड्या आल्या, कंपोस्टचे हौद बांधले, चौकात राज्याच्या माझी वसुंधरा ह्या पर्यावरण अभियानाचा बोर्ड लागला, पृथ्वी वायू जल अग्नी आकाश सगळी पंचतत्त्वं भिंतीवर रंगवली. मी ह्याच्या विरोधात बिलकुल नाही, उलट असं काही होतंय याचा आनंदच आहे.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हे सगळं बसवून झाल्यावर ते चालू आहे का, त्यानं पाणी किती वाचलं, वीज किती वाचली हे बघायचं काम कुणाचं? मी पाणीपुरवठा विभागात जाऊन विचारलं की आपण दिवसाला धरणातून पाणी किती उचलतो. एकानं पंप किती तास चालतो ते सांगितलं, दुसऱ्यानं योजनेची क्षमता सांगितली, खरोखर किती उचललं ते कुणालाच सांगता येईना. कचऱ्याचं विचारलं तर गाड्यांच्या खेपा सांगितल्या, वजन नाही. जॅकवेलचं (धरणातून पाणी उचलायची विहीर अन् पंप) लाईटबिल थेट लेखा विभागात जातं आणि तिथूनच भरलं जातं, ज्यांच्या ताब्यात पंप आहे त्यांनी ते बिल कधी डोळ्यानं बघितलेलं नाही. लोक तिथले चांगले आहेत बरंका, चहा पाजला, बसवून बोलले, पण माहितीच नाही.

इथं पाणीपुरवठ्यातले, महावितरणमधले, महापालिकेतले कुणी असतील तर सांगा. नियम काय आहे, प्रत्यक्षात काय होतं आणि माझ्यासारख्या साध्या माणसानं नेमकं मागावं काय.

मांजरा_लातूर

दुधनाकाठ भाऊ, चांगला विषय काढलात. लातूरच्या माणसाला ह्यातली तळमळ सांगावी लागत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये आमच्याकडं पाण्याच्या टाक्यांच्या आसपास १४४ कलम लावलं होतं, आणि १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पहिली जलदूत, म्हणजे पाण्याची रेल्वे, आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. मिरजकरांचे आणि रेल्वेवाल्यांचे ते उपकार आम्ही विसरणार नाही.

पण आता हिशोब करून बघा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखाच्या वर होती, म्हणजे पूर्ण भरलेली गाडी आली तरी माणशी साडेसहा लिटर. आणि शहरासाठी माणशी १३५ लिटरचं जे मानक आहे ते धरलं तर त्याच लोकसंख्येला रोज पाच कोटी लिटरच्या वर पाणी लागतं, त्यातलं नुसतं ५ टक्के पाईपातून गळालं तरी ती पूर्ण ५० वाघिणींची गाडी झाली! रोजची एक गाडी, आणि ती कुणाला दिसत नाही. त्या उन्हाळ्यात रोज पेपरला यायचं आज किती लाख लिटर आलं, अख्खं शहर लिटरमधे बोलायलं होतं. त्याच वर्षी पावसाळ्यात मांजरा धरण भरलं आणि लिटर मोजायची भाषाच बंद पडली. मला वाटतं शाश्वत म्हणजे धरण भरलेलं असताना पण मोजत राहणं, दुष्काळात तर कुणीबी मोजतं.

खजिना_बीड

+१ मांजरा. पाच टक्क्याचा हिशोब वाचून धक्का बसला.

जॅकवेल

मी पाणीपुरवठ्यात नोकरी करून रिटायर झालो, कुठं ते सोडा, मराठवाड्यातच. दुधनाकाठ यांच्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पाणीपुरवठ्यात पर्यावरण, खर्च आणि सेवा ह्या तिन्ही गोष्टी एकाच आकड्यात सापडतात आणि तो आकडा म्हणजे हजार लिटरला किती युनिट वीज लागली. आपल्याकडं बहुतेक योजना उचलून आणायच्या. संभाजीनगरचंच घ्या, नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) खाली आणि शहर त्याच्यापेक्षा शंभरेक मीटर वर, वर पाईपातलं घर्षण वेगळं. सूत्र सोपं आहे, एकूण हेड (उचलायची उंची अधिक पाईपातलं घर्षण) मीटरमधे घ्या, त्याला ३६७ नं भागा आणि परत पंपाच्या कार्यक्षमतेनं भागा. १०० मीटर हेड आणि ६५ टक्के कार्यक्षमता असली की हजार लिटरला ०.४२ युनिट येतात. समजा गाव ५० हजार लोकवस्तीचं आहे आणि माणशी १३५ लिटर द्यायचेत, तर दिवसाला साडेसदुसष्ट लाख लिटर, म्हणजे रोज सुमारे २८०० युनिट, महिन्याला ८५ हजार. ह्यात ४० टक्के गळती धरली तर ३४ हजार युनिट जमिनीत मुरायला वापरले. युनिटला ८ रुपये धरा, पावणेतीन लाख रुपये महिना. तेवढी वीज छतावरच्या सोलरमधून काढायची म्हटलं तर केवढं मोठं सोलर बसवावं लागंल विचार करा. म्हणून मी नेहमी म्हणत आलो, पाणीपुरवठ्यात सगळ्यात स्वस्त सोलर म्हणजे लिकेज काढणं.

आता कंट्रोल. त्यासाठी पाहिजे काय तर चार ठिकाणी बल्क फ्लोमीटर, म्हणजे मोठ्या पाईपातून किती पाणी गेलं ते मोजणारे मीटर. जॅकवेलच्या रायझिंग मेनवर (पंपातून वर जाणारी मुख्य पाईपलाईन) एक, फिल्टरच्या आऊटलेटवर एक, एमबीआरच्या (जलकुंभांना पाणी देणारी मुख्य टाकी) आऊटलेटवर एक आणि प्रत्येक जलकुंभाच्या आऊटलेटवर एकेक. योजना होते तेव्हा एस्टिमेटमधे हे मीटर असतात आणि बसतातही. पुढं बॅटरी जाते, सेन्सरमधे गाळ बसतो, केबल चोरीला जाते, दुरुस्तीला तरतूद नसते, आणि मग लॉगबुकमधे पंपाचे तास गुणिले पंपाची नेमप्लेटवरची क्षमता असं लिहायला सुरुवात होते. पंप १५ वर्षं जुना, इंपेलर (आतलं फिरणारं चाक) झिजलेला, तो नेमप्लेटएवढं पाणी देईल कसा? त्यामुळं कागदावर भरपूर पाणी उचललं जातं आणि नळाला येत नाही, आणि सगळा दोष त्या बिचाऱ्या वॉल्वमनच्या डोक्यावर.

आणखी एक. पंपिंग मशिनरी पुढच्या १५ वर्षांची लोकसंख्या धरून घेतात आणि पाईपलाईन ३० वर्षांची, ते बरोबरच आहे. पण पहिल्या वर्षापासून मोठा पंप चालतो, मग डिलिव्हरीचा वॉल्व अर्धा बंद करून प्रवाह कमी करतात. पाणी कमी होतं, वीज त्या मानानं कमी होत नाही. तिथं छोटा पंप किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) पाहिजे. हे कुणाच्या लक्षात येईल? ज्याच्या टेबलावर फ्लोमीटरचं रीडिंग आणि लाईटबिल हे दोन्ही कागद शेजारी शेजारी येतात त्याच्या. आणि दुधनाकाठ तुम्ही म्हणालात ते अगदी खरं आहे, बहुतेक ठिकाणी हे दोन कागद एका टेबलावर कधी येतच नाहीत. सगळ्या दुखण्याचं मूळ मला तिथं दिसतं.

गळती बघायला मशीन पण लागत नाही सुरुवातीला. रात्री जलकुंभ भरून घ्या, सगळे आऊटलेट बंद करा, पहाटे पातळी बघा. उतरली असली तर टाकी किंवा वॉल्व गळतोय. मग एका भागाचा आऊटलेट उघडा, त्या भागातली सगळी घरं झोपलेली असताना मीटर किती फिरतो बघा. जेवढा फिरला ती गळती आणि चोरी.

सखी_परभणी

जॅकवेल काका, तुमचं सगळं पटलं पण मला भीती वाटते म्हणून लिहिते. मी बचत गटांचं काम करते, वस्त्यांमधे जाते. मोजणं म्हटलं की पहिला मीटर गरिबाच्या नळाला बसतो हो. जिथं आठ-दहा दिवसाला पाणी सुटतं, ते पण रात्री दोनला, बाया जागत बसतात, पोरींच्या परीक्षा असल्या तरी त्यांनाच उठवतात, तिथं मीटर लावून काय मोजणार? हवा मोजणार? पाणी यायच्या आधी पाईपातली हवा येते तेव्हा मीटर फिरतो म्हणतात, त्याचं पण बिल यायचं. आणि ज्यांच्याकडं मोठ्या मोटारी आहेत ते डायरेक्ट लाईनला मोटर लावून ओढून घेतात, त्यांच्यापर्यंत कोण जात नाही.

आणि लोक पैसे द्यायला तयार नाहीत असं कुणी म्हणू नका. आमच्या वस्तीत २० लिटरचा जार २० रुपयाला घेतात, म्हणजे हजार लिटरला १००० रुपये झाले. एवढं महाग पाणी बंगल्यावाला पण पीत नसेल. भरवसा नाही म्हणून घेतात, नळाला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेला स्वच्छ पाणी आलं तर त्याच बाया नळपट्टी भरतील, मी लिहून देते.

जॅकवेल

ताई, भीती रास्त आहे आणि क्रम महत्त्वाचा आहे. घरच्या नळाचा मीटर सगळ्यात शेवटी. आधी जॅकवेल, मग फिल्टर, मग टाक्या, मग भागाभागाचे मीटर. भागाचा मीटर बसला की कळतं ह्या टाकीवरच्या हजार घरांना किती गेलं आणि त्या टाकीवरच्या हजार घरांना किती. वस्तीला कमी जातंय हे तुम्हाला आकड्यानं दाखवता येईल, आज ते फक्त तक्रार म्हणून राहतं. हवेचं तुम्ही म्हणता ते खरंय, पाणी सोडून-बंद करून द्यायच्या लाईनवर साधे मीटर हवेनं फिरतात, एअर वॉल्व नसले तर जास्तच. म्हणून पाणी रोज किंवा निदान नियमित झाल्याशिवाय घरगुती मीटर रेटू नये असंच माझंही मत.

कराडशेजारच्या मलकापूरनं २४ तास पाणी केलं, घरोघरी मीटर लावले आणि जास्त वापराला जास्त दर ठेवला, लोकांचा वापर आपोआप आटोक्यात आला. तिथं आधी पाणी आलं आणि मग मीटरवर भरवसा बसला.

मांजरा_लातूर

मलकापूर कोयनेच्या काठी आहे काका. आमची मांजरा दोन वर्षं पाऊस रुसला की कोरडी पडते. तुलना करताना तेवढं धरा. पद्धत घेण्यासारखी आहे, मान्य.

फीडर_३३

मी वीज वितरणात आहे, ऑफिसच्या वतीनं नाही, स्वतःचं मत लिहितोय.

विजेत आमच्याकडं एक शिस्त आली ती पाण्यात अजून आली नाही असं मला वाटतं. फीडरला (सबस्टेशनातून निघणारी लाईन) मीटर, डीपीला (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) मीटर, ग्राहकाला मीटर. फीडरमधून गेलेली युनिट आणि बिलं झालेली युनिट ह्यातला फरक दर महिन्याला काढायचाच असतो, फरक वाढला की त्या सेक्शनच्या इंजिनिअरला विचारणा होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०२१ ला नियम केला, वितरण कंपनीनं दर तिमाहीला ऊर्जेचा हिशोब द्यायचा आणि वर्षाला बाहेरच्या ऑडिटरकडून ऑडिट करून घ्यायचं. सगळं सुरळीत आहे असं मी म्हणत नाही, शेतीपंपाची युनिट किती हा वाद तर मराठवाड्यात जुनाच आहे कारण बऱ्याच पंपांना मीटर नाही आणि अंदाजानं धरावं लागतं. पण हिशोब कुणी द्यायचा, कुणाला द्यायचा, कधी द्यायचा हे ठरलेलं आहे.

पाणी अन् वीज वेगळे धरूच नका. परळीचं थर्मल वीजकेंद्र २०१५ ला बंद ठेवावं लागलं ते कोळशामुळं नव्हतं, खडका बंधाऱ्यात पाणी नव्हतं म्हणून. वीज तयार करायला पाणी आणि पाणी उचलायला वीज, दुष्काळात दोन्ही एकदम अडकतं.

आता नगरपरिषदांनी लगेच करण्यासारखं सांगतो, पैसे लागत नाहीत. तुमच्या एचटी (उच्चदाब) बिलावर पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरोखर कामाला आलेला वाटा) छापलेला असतो, मागणी किती नोंदवली ते असतं, करारातली मागणी किती ते असतं, कुठल्या वेळेच्या टप्प्यात किती युनिट गेली ते पण असतं. कपॅसिटर बँक जळालेली असली की पॉवर फॅक्टर पडतो आणि एचटीला बिलिंग केव्हीएएचवर (कामाला न आलेला भागही धरून) असल्यामुळं तेवढ्याच कामाला जास्त युनिट लागतात. पंप कुठल्या वेळेला चालवला त्यावर दर बदलतो, टाकीची साठवण पुरेशी असली तर स्वस्त वेळेत पंपिंग करता येतं. हे सगळं त्या एका कागदावर आहे. लेखा विभागातला माणूस फक्त शेवटची रक्कम आणि मुदत बघतो, त्याची चूक नाही, त्याला तेवढंच काम दिलंय.

आणि थकबाकी. पाणीपुरवठ्याचं बिल थकलं की नोटीस जाते, मग कनेक्शन तोडायची वेळ येते, मग फोनाफोनी, मग थोडी रक्कम भरून चालू. ह्या चक्रात अडकलेली संस्था पंप बदलायचा विचारच करू शकत नाही, नवा पंप दोन वर्षांत पैसे फेडणार असला तरी.

गोदाकाठ_नांदेड

फीडर भाऊंचं वाचून माझा मुद्दा सुचला. सांडपाणी! सगळे पाणी आणायचं बोलायलेत, गेलेल्या पाण्याचं कुणी बोलंना. गोदावरी आमची, तिच्यावरच्या विष्णुपुरी प्रकल्पाचं पाणी पितो आणि गावोगावचे नाले परत त्याच नदीत. एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र) बांधायला केंद्राचा राज्याचा पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. सांडपाण्यात हवा सोडणारे ब्लोअर चोवीस तास वीज खातात. बिल परवडलं नाही की ब्लोअर बंद, मग ते हौद नुसते गाळ साठवायचे हौद होतात, पाणी आलं तसं पुढं जातं.

एसटीपी चालतो का नाही हे ओळखायला प्रयोगशाळेचा रिपोर्ट नंतर बघा, आधी त्याचं वीजबिल बघा. ब्लोअर चालले असतील तर युनिट बिलात लागलेली दिसणारच, युनिट निम्म्यावर आली आणि सांडपाणी तेवढंच असलं तर मधे काय झालं ते विचारा. जॅकवेल काकांचा फ्लोमीटर-बिलाचा नियम इथंही लागू पडतो.

दुसरं, शुद्ध केलेलं पाणी विकायला पाहिजे. उद्योगांना, बांधकामांना, बागांना. तसं धोरण राज्यानं आणलेलं आहे, थर्मलवाल्यांनी ५० किलोमीटरच्या आतल्या एसटीपीचं पाणी वापरावं असं केंद्राच्या वीजदर धोरणात २०१६ पासून आहे. गिऱ्हाईक तयार झालं की एसटीपी चालू ठेवायला पालिकेला पैशाचं कारण मिळतं. संभाजीनगरचा कांचनवाडीचा एवढा मोठा प्लांट आहे, तिथलं पाणी शेतीला आणि उद्योगाला जाणं हे पिण्याच्या पाण्याएवढंच महत्त्वाचं काम समजा.

औरंगपुरा

संभाजीनगरचं नाव निघालं म्हणून लिहितो. कंट्रोल कुणाच्या हातात हा प्रश्न आमच्या शहरानं पुरा भोगलाय. समांतर जलवाहिनी म्हणून अख्खी योजना खाजगी कंपनीला दिली, २०१४ ला हस्तांतर झालं, २०१६ ला करार रद्द. मग १६८० कोटींची योजना, डिसेंबर २०२० ला भूमिपूजन, पुढं खर्च वाढून २७४० कोटींवर गेला, २५०० मिलिमीटरचा पाईप. दरम्यान २०२२ ला वर्षाची पाणीपट्टी ४०५० रुपयांवरून निम्म्यावर आणली, लोकांना बरं वाटलं आणि पाणी आठवड्यातून एखाद्या वेळेस मिळत असताना चार हजार मागणं चूकच होतं, पण दर काय असावा हे पाण्याच्या हिशोबावरून ठरलं नाही ही माझी तक्रार आहे. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० ला संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासक. सभागृहात उभं राहून गळती किती विचारणारा नगरसेवकच नव्हता. अधिकारी चांगले होते त्यांनी चांगली कामं केली, खाम नदीचं काम बघा किती मन लावून झालंय, मी स्वतः तिथं सकाळी फिरायला जातो. पण बदली झाली की काय? चांगल्या अधिकाऱ्याच्या नावानं चालणारी गोष्ट त्याच्या बदलीपर्यंतच टिकाऊ असते.

आणि ह्याच शहराला मलिक अंबरनं नहर दिली, उतारानं येणारं पाणी, एक युनिट वीज नाही. तिच्याकडं आपण किती लक्ष दिलं.

घाणेवाडी

जालन्याचा घाणेवाडी तलाव तसाच, निजामकाळातला, पाणी उतारानं शहरात येतं. गाळानं भरत चालला होता, लोकांनी वर्गणी करून पोकलेन लावून गाळ काढला, शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. पैठणहून पाईपलाईननं पाणी आल्यावर पुष्कळांना वाटलं आता तलाव कशाला. पण लांबून पंपिंग करून आणलेलं पाणी आणि उतारानं आलेलं पाणी ह्यांचा खर्च शेजारी मांडला तर तलाव जपण्यावर खर्च करणं किती शहाणपणाचं आहे ते कळतं. हा हिशोब पालिकांनी छापावा, स्रोतवार, हजार लिटरला किती पडलं.

खजिना_बीड

कचऱ्यावर कुणी बोला की. संभाजीनगरच्या कचरा डेपोजवळच्या नारेगावच्या लोकांनी फेब्रुवारी २०१८ मधे गाड्या अडवल्या तेव्हा सगळ्यांना कळलं कचरा कुठं जात होता. आमच्याकडं ठेकेदाराला टनावर पैसे. माझा साधा प्रश्न, टनावर पैसे मिळत असतील तर कचरा कमी करायला तो कामून मदत करील? ओला कचरा घरीच जिरवा म्हणून एक गाडी स्पीकरवर गाणं लावून फिरते आणि दुसरी गाडी माती-मुरूम-कचरा सगळं भरून काट्यावर जाते. दोन्हीचे पैसे एकच नगरपरिषद देते. टनाऐवजी वेगळा केलेला कचरा किती आला, त्याच्यातून खत किती निघालं, डम्पिंगला किती कमी गेला ह्यावर पैसे द्या. २०१६ पासूनच घनकचरा नियमांत वर्गीकरण घरापासून सांगितलंय, पण ठेका जर एकत्र वजनाचा असेल तर नियम कागदावरच राहणार.

गंगापूर_सरपंचमित्र

ग्रामपंचायतीचं पण ऐका. आमच्या जिल्ह्यातलं पाटोदा, भास्करराव पेरे पाटलांचं गाव. तिथं कर भरला की दळण फुकट. लोक कर भरतात कारण भरल्याचा फायदा रोज घरात येतो. मी गावाला जाऊन बघितलंय, मोठी यंत्रणा नाही, सॉफ्टवेअर नाही, पण कुणी काय भरलं आणि त्यातून काय केलं हे लोकांना माहीत असतं. जल जीवन मिशनच्या (घरोघरी नळाच्या) योजनेत माणशी ५५ लिटर धरलेत, टाकी झाली, पाईप झाला, आता मोटर जळाली तर दुरुस्तीला पैसे कुठून? ज्या गावात वसुली आहे तिथं चार दिवसात मोटर बसते, जिथं नाही तिथं योजना नवीकोरी असून बंद. शाश्वत हा शब्द गावात एवढाच आहे, मोटर जळाल्यावर किती दिवसात पाणी सुटलं.

नियमावली

कायद्याबद्दल विचारलं होतं, जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं लिहितो.

महापालिका असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेपुढं ठेवायचा असतो. बहुतेकांना हे माहीतच नाही. अहवाल मागा आणि मागच्या वर्षीचा शेजारी ठेवून वाचा, आकडे बदललेत का तेच आहेत ते लगेच दिसतं.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं २००८ ला सेवा पातळीचे मापदंड ठरवले. पाण्यात माणशी १३५ लिटर, बिलाखाली न येणारं पाणी २० टक्क्यांपर्यंत, मीटर १०० टक्के, चालवण्याचा खर्च पूर्ण वसूल. आपली नगरपरिषद ह्यात कुठं आहे आणि पुढच्या वर्षी कुठं जायचं ठरवलंय हे विचारता येतं.

पंधराव्या वित्त आयोगात २०२१ ते २०२६ साठी दहा लाखांपेक्षा लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग बांधील होता, अर्धा पिण्याच्या पाण्याला आणि पाणी पुनर्वापराला, अर्धा स्वच्छता आणि घनकचऱ्याला. ऑडिट झालेले हिशोब ऑनलाईन टाकणं ही त्यातली अट होती. म्हणजे पैसा कुठं गेला हे बघायचा हक्क आहेच, दार उघडं आहे, आत जाणारे कमी आहेत.

माझी वसुंधराबद्दल, अभियानात गुण मिळतात म्हणून का होईना नगरपरिषदा एकमेकींशी स्पर्धा करायल्यात हे मला चांगलं वाटतं. फक्त लावलेल्या झाडांबरोबर तिसऱ्या वर्षी जगलेली झाडं मोजली तर खरं चित्र येईल.

दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळंल असं वाटलं नव्हतं. मी आणि गावातले काही जण बसून ठरवलंय, आम्ही मुख्याधिकाऱ्यांकडं तीन गोष्टी मागणार. जॅकवेलचं रोजचं फ्लोमीटर रीडिंग, मीटर बंद असेल तर कधीपासून बंद आणि दुरुस्तीला काय केलं. पाणीपुरवठा आणि पथदिव्यांची मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं. कचऱ्याचं वजन आणि ठेक्याच्या अटी. आणि एक विनंती, दर महिन्याला पाणीपुरवठा अभियंता आणि लेखापाल यांनी रीडिंग आणि बिल एकत्र बघून एक पानाचा हिशोब नोटीस बोर्डावर लावावा, आणि त्यावर सही कुणाची ते ठरवावं. भांडायचं नाहीये, त्यांनाही मदतच होईल, पंप बदलायला निधी मागताना तोच कागद कामाला येईल. ह्या सगळ्यासाठी माहिती अधिकारात एकच अर्ज करावा म्हणतोय, काही सुचवायचं असंल तर सांगा.

सखी_परभणी

त्यात टाकीनिहाय पाणी सोडायचं वेळापत्रक पण घ्या भाऊ. कुठल्या भागाला किती वेळ सुटलं ते वॉल्वमनच्या वहीत असतं, ती वही मागा. बाया त्यांच्या भागाची वेळ तपासून सांगतील, ते काम आमच्या गटांवर सोडा, तुमच्या गावात पण गट असतीलच.

नियमावली

एकच अर्ज करू नका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, पाणी-वीज-कचरा एकत्र टाकलं की त्याच कारणावर परत येईल. तीन वेगळे अर्ज, प्रत्येकी १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. वॉल्वमनच्या वहीचा चौथा. वीजबिलांच्या प्रती मागताना जॅकवेल, फिल्टर, पथदिवे, एसटीपी प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक वेगळा असतो, तो लिहून मागा, क्रमांक पंपहाऊसच्या मीटरवर किंवा जुन्या बिलावर सापडतो. आणि अर्जाच्या शेवटी अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागा, म्हणजे जाताना सोबत जॅकवेल काकांसारखा एखादा माहीतगार नेता येईल, लॉगबुक वाचणाऱ्याला वाचता येतं.

जॅकवेल

माहीतगार हवा असला तर मी येतो. मेसेज करा. फक्त जायच्या आधी पंपाच्या नेमप्लेटचा फोटो आणि जलकुंभाच्या क्षमता तेवढ्या पाठवा, घरून हिशोब मांडून आणतो.